कांद्यांचा पाळणा

अक्का,

काल तुमचं तेरावं झालं. चाळीसेक माणसं अंगणात बसलेली आणि चहाला साखर सापडेना. 'साखर' असं रंगानं लिहिलेल्या डब्यात तुमच्या सुया, दोरे आणि बटणं निघाली. बिस्किटांच्या डब्यात हळकुंडं. श्रीखंडाच्या डब्यांची चळत उघडली तर जिरं, ओवा, पापडखार आणि एकात नुसत्या सेफ्टी पिना. मदतीला आलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी ह्या घराची धाकटी सून, तुमची जाऊ, सत्तावीस वर्षं इथं काढली. पण स्वयंपाकघर तुमचं होतं. मी उपकेंद्रातली नर्स, सकाळी डबा घेऊन निघायची ती संध्याकाळी आयत्या ताटावर यायची. शेवटी साखर मिळाली ती शिट्टी गेलेल्या जुन्या कुकरात. झाकण गच्च बसतं, मुंगीला शिरायला वाट नाही. एवढ्या माणसांत मी तो कुकर पोटाशी धरून उभी राहिले आणि मला रडू आवरेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आगं येडे, मला इचारायचं ना!"

विचारायचंच राहिलं, अक्का. साखरेचं सोडा, जे विचारायला हवं होतं ते सगळंच राहिलं. आज पाहुणे गेले, भांडी ज्याची त्याच्या घरी पोचली, म्हणून लिहायला बसलेय.

मी हिंगोलीत वाढलेली. आमच्या दोन खोल्यांत जुनं झालेलं सामान ठेवायला जागाच नव्हती. भंगारवाल्याची हाळी आली की आई दारात तयार. लग्न होऊन हिंगोलीजवळच्या ह्या गोरेगावला आले तर इथं उलटा कारभार. तुमच्या हाताखालून वस्तू बाहेर जातच नव्हती. तिचं एक काम गेलं की तुम्ही तिला दुसरं लावायच्या. कुकरचं ढिलं झालेलं रबर चिंध्यांनी गुंडाळून त्याची चुंबळ केली होतीत, त्यावर हंडा ठेवून विहिरीवरून यायच्या. फाटलेल्या मच्छरदाणीखाली कुरडया वाळायच्या, कावळा नुसता भोवती फिरून जायचा. आणि माझी पांढरी साडी! आठवतं का, आमच्याकडं सकाळची लाईट कधी टिकायची नाही. तुम्ही चुलीतले निखारे पितळी तांब्यात भरायच्या, तांब्याच्या गळ्याला फडकं गुंडाळायच्या आणि माझ्या साडीवरून तो असा फिरवायच्या की उपकेंद्रातले डॉक्टर एकदा म्हणाले, सिस्टर, तुमच्या गावात लाँड्री आहे का? मी हो म्हणाले. तेव्हा तुमचं नाव सांगायची मला लाज वाटली होती.

भांडणंही ह्याच्यावरूनच. पहिलं भांडण सलाईनच्या बाटलीचं. तुम्हाला ती कढीपत्त्याच्या रोपाला टांगायची होती, थेंब थेंब पाणी पडावं म्हणून.

"रिकामी बाटली तर पाह्यजे, आनून काहून न्हाई राहिली?"

"अक्का, दवाखान्यातली बाटली घरी आणायची नसते. नियम आहे."

"रिकाम्या बाटलीला बी नियम हाय व्हय? सरकारचं काय जाऊन राहिलं त्याच्यात?"

मी आणली नाही. पुढं आठ दिवस तुम्ही मला सरकार म्हणत होता. "सरकार, जेवाया बसता का?" मग एक दिवस थंड पेयाची बाटली उलटी टांगून, बुचाला भोक पाडून आणि त्यात समईची वात खुपसून तुमचं काम झालं होतं. रोपाचं झाड झालं, वाळून गेलं की त्याच्या जागी दुसरं आलं. ह्या पंधरवड्यात त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. काल सगळे जेवायला बसले तेव्हा मी त्याला पाणी घातलं.

हे सगळं सोपं आहे सांगायला. हसू येतं, डोळ्यांत पाणी येतं, दोन्ही बरोबरच येतात. अवघड आहे ते पाळण्याचं.

मधल्या खोलीत, आढ्याच्या दोन कड्यांना टांगलेला सागवानी पाळणा. चारी बाजूंनी कातीव दांड्या, डोक्याशी कोरलेली दोन पाखरं, आणि आत काठोकाठ कांदे. नवी नवरी म्हणून उंबरठा ओलांडला तेव्हा तेच पहिलं माझ्या नजरेत भरलं. मनात म्हटलं, काय बाई घर आहे, पाळण्यात कांदे! कुणीतरी हळूच कानात सांगितलं, थोरलीला मूलबाळ नाही. मी मान डोलावली आणि तेच धरून बसले.

दोन वर्षांनी मनू झाली. बाळंतपण, बारसं सगळं माहेरी झालं आणि दीड महिन्याची मनू घेऊन मी इकडं आले. आल्या आल्या म्हटलं, अक्का, पाळणा रिकामा करू. तुम्ही परातीत पीठ मळत होता. वर बघितलंच नाही.

"त्याच्यात लेकरू नको."

"का?"

"कांदे हायत त्याच्यात."

"कांदे पोत्यात राहतील की."

"पोत्यात सडतेत. पाळन्यात खालून हवा लागती."

मी बाळंतीण, झोप नाही, अंगात बळ नाही, आणि स्वभाव तर तुम्हाला माहीतच. तोंड सुटलं. म्हटलं, "ज्या बाईनं लेकरू पाहिलं नाही, तिला पाळणा न् कांद्याची टोपली सारखीच वाटणार."

तुमचा हात परातीत थांबला. मग पुन्हा चालायला लागला. त्या दिवशी भाकरी थापायचा आवाज मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. नेहमीसारखाच होता. मला वाटलं, चला, लागलं नाही बाईला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर खिडकीपाशी झोळी बांधलेली. हिरव्या साडीची. कोरी करकरीत साडी, घड्या पडलेल्या, डांबरगोळ्यांचा वास येणारी. ज्या बाईनं कधी चिंधी टाकली नाही तिनं नवी साडी दोरीला बांधली, ह्याचं मला नवल वाटलं; पण ती साडी कधीची, कुणी दिलेली, आणि नवी राहिलीच कशी, हे डोक्यात आलं नाही. कापड मिटून बाळाच्या तोंडावर येऊ नये म्हणून तुम्ही झोळीच्या दोन काठांमध्ये लाटणं आडवं अडकवलं होतं. मनू त्यात पडल्या पडल्या झोपली. पुढं आठ महिने लाटणं तिथंच राहिलं आणि तुम्ही पोळ्या काचेच्या बाटलीनं लाटल्या. बाजारातून दुसरं आणते म्हटलं तर, "बाटली बी गोलच हाय की."

तुम्हाला सांगू का, अक्का, मला तेव्हा काय वाटलं होतं? मला वाटलं, तुम्ही झोळी बांधून माझी माफी मागताय. आणि मी मोठ्या मनानं तुम्हाला माफ केलं होतं.

उपकेंद्रात माझ्या टेबलावर रोज कार्डं असायची. समोर आलेल्या प्रत्येक पोटुशीला माझे ठरलेले प्रश्न. हे कितवं? आधीचे किती? त्यातले जगले किती? बाया उत्तर देताना खाली बघायच्या, कुणी कुणी बोटं मोजायची. मी मायेनं विचारते असं गावात नाव होतं माझं. आजूबाजूच्या चार वाड्यांतल्या बायांची पोटं मला पाठ होती. घरातल्या बाईला मी एकदाही विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मनूला बघायला वाशिमकडचे पाहुणे येणार होते. तुम्ही भाजी आणायला बाजारात गेला होता. मधल्या खोलीत बैठक घालायची, तर डोक्यावर कांद्यांचा पाळणा. मी सगळे कांदे काढून पोत्यात भरले, पाळणा पुसला, गोडं तेल लावून घासला. लाकूड असं उजळलं की काय सांगू. म्हटलं, अक्कासुद्धा बघून खूश होतील. पाहुणे वेळेच्या आधीच आले. पंखा लावला. वाऱ्यानं पाळणा हलायला लागला, कडी बारीक कुरकुरत होती.

तेवढ्यात तुम्ही दारात आला. चपला काढल्या नाहीत, पाहुण्यांना नमस्कार केला नाही. सरळ पाळण्यापाशी गेलात आणि हातातली पिशवी त्यात उपडी केली. कारली, गवार, मेथीच्या दोन जुड्या आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी. मग पाळणा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिलात, तो थांबेपर्यंत. मुलाच्या आईनं चहाचा कप ओठापाशी तसाच धरलेला मला अजून दिसतो.

पाहुणे जाईपर्यंत मी दात आवळून बसले. ते गेले आणि मी तुमच्यावर तुटून पडले. लोकांसमोर शोभा केलीत, माझ्या पोरीचं जमू द्यायचं नाही का तुम्हाला, काय वाट्टेल ते बोलले. तुम्ही पाळण्याची दांडी सोडली नव्हती.

"धा दिवसाची व्हती," तुम्ही म्हणालात.

मला कळेना, कोण.

"माज्या माहेरी झाली. बारसं दोन दिवसावर आलतं. माज्या बापानं पाळना करून आनला, कडीला टांगला. अन् त्याच दिसी सकाळी..." तुम्ही हातानं काहीतरी पुसल्यासारखं केलं. "नाव बी ठेवलं न्हवतं. बाप म्हनला, हे माज्या नजरंसमोर नको, घेऊन जाय. आता पाळना जाळावा कसा? अन् कुनाच्या लेकराला द्यावा कसा? इकडं आनला. रिकामा पाळना हलू देऊ नाई, सुनंदे. घरातल्या लेकराला तकलीफ व्हती म्हनतेत. तवा तुजा नवरा आठ वरसाचा व्हता, घरात तेच लेकरू. म्हून कांदे टाकले. मंग मनू आली."

मी खाली बसले. तुम्ही कारली वेचून घेतली, पोत्यातले कांदे परत पाळण्यात टाकले, आणि मेथी निवडायला बसलात.

"मनूला सांगू नको," एवढंच म्हणालात. "पोरीच्या मनात भेव बसंल."

मी ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? हे म्हणाले, अंधुक आठवतं, घरी काहीतरी गोड करणार होते आणि केलं नाही. आठ वर्षांच्या पोराला तेवढंच आठवणार. मनूचं मात्र त्याच घरात जमलं. तिची सासू अजून आम्हाला कारल्याच्या पाळण्यावरून चिडवते. आम्ही हसतो. तुम्हीही हसायच्या.

त्यानंतर तीन वर्षं होती माझ्या हातात. तीन वर्षं काय कमी असतात? रोज मनाशी म्हणायची, आज बोलू. परातीपाशी बोललेलं ते वाक्य परत घ्यायचं होतं मला. एकदा धीर करून सुरुवातही केली. तुम्ही पाळण्यातले कांदे बघत होता. म्हटलं, "अक्का, मला एक बोलायचं होतं. मनू झाली तेव्हा मी..."

"बोलशीन मंग. आधी हे पलटी करू लाग, खालचे सडून राहिले."

मी कांदे पलटी केले. तुम्ही वरचे काढून दिले, मी खालचे. सडलेले वेगळे केले. शेवटी खाली नुसत्या साली उरल्या, त्याही तुम्ही कपड्याला रंग द्यायला म्हणून पिशवीत भरल्या. माझं बोलायचं तिथंच राहिलं. तुम्हाला ऐकायचं नव्हतं की मला सोपं करून द्यायचं होतं, हे मी अजून ठरवू शकले नाही. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं. हे माझं पाप आहे, ते तुमच्यावर ढकलत नाही.

हिंगोलीच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसायची तेव्हा शेवटी शेवटी तुम्ही फार बोलत नव्हता. जायच्या आदल्या दुपारी डोळे उघडले आणि विचारलं, "नवे कांदे टाकले का पाळन्यात?"

जुने संपले होते. नवे शेतातून येऊन अंगणात पोत्यांत पडले होते. तुमच्या दुखण्याच्या धावपळीत त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. मी म्हटलं, "टाकले की. काठोकाठ."

"बराबर," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटले. आम्ही नर्सा असं खोटं बोलतो, माणसाला झोप लागावी म्हणून. हजारदा बोलले असेन. पण तुमचं माझ्याशी तेच शेवटचं बोलणं झालं, आणि ते माझ्या खोट्यावर झालं.

आज सकाळचं सांगते. मनूला सातवा महिना लागलाय, तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या बाळासाठी दुपटी शिवायला तुम्ही दादाभावजींची जुनी धोतरं काढून ठेवली होतीत. पाहुणे गेल्यावर ती मधल्या खोलीत आली. पाळणा रिकामा. तिनं कोरलेल्या पाखरांवरून हात फिरवला आणि सहज झोका दिला.

"आई, बाळंतपणाला मी इथंच येणार ना? तेव्हा ह्यातच टाकू बाळाला. किती सुंदर आहे गं."

मी, जी गावभर सांगत फिरते की बायांनो असल्या समजुती सोडा, ती मी धावले आणि पाळणा दोन्ही हातांनी धरला.

"त्यात कांदे असतात," मी म्हणाले.

"कांदे? मोठीआई गेली आता, आई. तिचं काहीतरीच असायचं." मग जरा थांबून म्हणाली, "मला पण नव्हता ना दिला तिनं. तिला स्वतःला लेकरू नव्हतं, तिला काय कळणार पाळण्याचं."

ते वाक्य तिनं कुठून उचललं हे मला विचारावं लागलं नाही. कधीतरी, कुणाशी तरी बोलताना, माझ्याच तोंडून तिच्या कानावर पडलेलं असणार.

तुम्ही मला सांगू नको म्हणाला होता. पोटुशीसमोर असलं बोलू नये हे मलाही कळतं. पण गप्प राहिले असते तर तुम्ही ह्या घरात कायमच्या तशाच राहिल्या असता, दुसऱ्याच्या लेकराला पाळणा न देणाऱ्या. एकदा तुमचं ऐकलं नाही, अक्का. तिला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. दहा दिवस, तुमच्या बापानं आणलेला पाळणा, बारशाला नेसायची राहून गेली असणार ती हिरवी साडी, लाटणं. परातीपाशी मी काय बोलले तेही सांगितलं. सांगताना मी तिच्या तोंडाचा रंग बघत होते, सवयीनं. ती घाबरली नाही. पोटावर हात ठेवून ऐकत होती आणि रडत होती.

मग उठली, अंगणात गेली. पोत्यातले कांदे ओढणीत भरून घेऊन आली आणि पाळण्यात ओतले. पुन्हा गेली. मी म्हटलं, वाकू नको गं, मी आणते. म्हणाली, "तूच सांगतेस ना बायांना, हलकं काम करत जावा म्हणून." चार खेपा तिनं केल्या, बाकीच्या मी.

शेवटची ओढणी रिकामी करताना तिनं विचारलं, "आई, तिचं नाव काय ठेवणार होते?"

मला माहीत नाही, अक्का. दोन दिवसांवर बारसं होतं म्हणजे तुमच्या मनात नाव असणारच. तुम्ही ते कुणाला सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. दादाभावजी गेले, तुमचे वडील गेले. आता ते सांगायला कुणी नाही. तीन वर्षं मी माफीचे शब्द जुळवत बसले, आणि एवढं साधं विचारलं नाही.

मनू आता झोपलीय. मी मघाशी पाळण्यापाशी जाऊन कांदे पलटी केले. नवे आहेत, गरज नव्हती. तरी पार तळापर्यंत हात घालून केले, आणि करता करताच म्हणाले, चुकलं माझं, अक्का. उभं राहून, हात जोडून म्हटलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं नसतं.

नवे कांदे टाकलेत. ह्या वेळी खरंच टाकलेत. पंखा चालू आहे, पण पाळणा हलत नाही.